दांतांच्या तारा व त्यांची निगा

वेडेवांकडे दांत सरळ करण्यासाठीं दांतांवर बारीक खुंट्या चिकटवून त्यांतून तार ओंवितात. तारेच्या मंद दाबानें मुळाभोंवतालचें हाड एका बाजूस झिजतें, दुसरीकडे नवें भरतें, आणि दांत हळूहळू सरकतो. म्हणूनच या कामास वर्ष-दोन वर्षें लागतात.

तेवढ्या काळांत खरी भीति किडीची. खुंटीभोंवतीं अडकलेल्या अन्नावर जंतु पोसतात व साखरेपासून आम्ल करितात. त्यानें दांतांचें कठीण कवच झिरपून पांढरे डाग पडतात. तारा निघाल्यावर दांत सरळ, पण डागाळलेले! हे डाग सहसा पुरते जात नाहींत.

उसाचें कांडें दांतांनीं सोलणें हा आमच्या बीडकडील मुलांचा जणूं जन्मसिद्ध हक्कच. तूर्त तो सोडावा. चिक्की व मक्याचें कणीसहि टाळावें. ज्वारीची भाकरी आमटींत कुस्करून खावी. बालाघाटचें सीताफळ, बिया संभाळून, खुशाल खावें. मग चूळ भरावी.

कडुनिंबाची काडी तारेखालीं पोंचत नाहीं. प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रशानें, फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन, तारेच्या वरून व खालूनहि घासावें. मिश्री तंबाखूचीच, ती मुलांच्या हातीं मुळींच देऊं नये. खुंटी सुटली तर, दुखत नसलें तरी, पालकांनीं दंतवैद्यास लागलीच कळवावें.