कळसूबाईला निघालात? आधी आभाळ पाहा

पेरणीआधी आपण पाभर तपासतो, बियाणं निवडतो, आभाळाचा अंदाज घेतो. मग डोंगर चढायला मात्र पायात चप्पल अडकवून तसंच का निघायचं? “आपण रानातलीच माणसं, आपल्याला काय होतंय!” हा भरवसाच पुष्कळदा घात करतो.

अकोले तालुक्यातलं कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. बारी गावातून वाट चढते, अवघड कड्यांना लोखंडी शिड्या लावल्या आहेत, माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे. नवरात्रात तर लेकुरवाळ्या बायाही ओटी घेऊन चढतात.

अशाच एका नवरात्रात आम्ही घरची सातजणं निघालो. निघायलाच उशीर झाला. शेवटच्या शिडीपाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि पश्चिमेला काळं आभाळ भरून आलं होतं. वहिनी म्हणाल्या, “एवढं आलोय, ओटी भरूनच जाऊ.” पण थोरले काका खाली बसलेच. म्हणाले, “देवी कुठं जात नाही. आपण नीट घरी पोचलो तर पुन्हा येऊ.” नाराजीनंच सगळे मागे फिरलो. शिड्या उतरून खाली आलो नाही तोच माथ्यावर विजांचा कडकडाट सुरू झाला. वहिनींनी हात जोडले. कोणी काही बोललं नाही.

परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतरच विजा जास्त होतात. म्हणून झुंजुमुंजू होताच चढायला लागावं आणि दुपारच्या आत माथा सोडावा. गडगडाट ऐकू आला की माथा, धार, लोखंडी कठडे आणि एकटं झाड यांपासून दूर व्हावं.

भर पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं, धुक्यात वाट दिसत नाही. खाचांचा तळ असलेले बूट घाला, हातात काठी ठेवा, गावातला माहीतगार सोबत घ्या. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या.

हिवाळा चढाईला उत्तम. पण माथ्यावरचा वारा बोचतो. घाम आलेल्या अंगाला तो लगेच बाधतो, म्हणून स्वेटर आणि कानटोपी हवीच. दिवस लवकर मावळतो, बॅटरी विसरू नका.

उन्हाळ्यात पहाटेच चढा. माणशी निदान तीन लिटर पाणी घ्या. वाटेत मिळेल या आशेवर राहू नका. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून न्यावं. चमचा चहाचा. चक्कर किंवा मळमळ वाटली तर सावलीत बसून घोट घोट प्यावं. शिदोरीला दशम्या, गूळ, शेंगदाणे बरे.

साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका. पाय हलू न देता माणसाला उचलून खाली आणा, १०८ वर फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. मोबाईलला सगळीकडे रेंज नसते. म्हणून कुठल्या वाटेनं जाणार, किती वाजता परतणार, हे घरी सांगूनच निघा.

पुढल्या वर्षी आम्ही सूर्य उगवायच्या आत चढायला लागलो. वहिनींनी ओटी भरली आणि दुपारच्या भाकरीला आम्ही बारीत होतो.