पॅकिंगसाठी घडीचा चाकू: जाड पात्याचा की पातं बदलायचा?

मागच्या व्हिडिओत पॅकिंगच्या टेबलावर काय काय लागतं ते बघितलं. त्यावर कोल्हापूरकडच्या एका ताईंनी विचारलंय, "सर, गुळाच्या पॅकिंगचं युनिट सुरू करतेय. घडीचे दोन दणकट चाकू बघितलेत. एक जाड पात्याचा, दुसरा पातं बदलायचा कटर. दुकानदार म्हणतो पहिला आयुष्यभर टिकेल. कुठला घेऊ?"

दुकानदार खोटं सांगत नाही. पण चाकू टिकणं वेगळं आणि धार टिकणं वेगळं.

जाड पात्याच्या चाकूंमधलं नावाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला 'बक ११०'. १९६४ साली बाजारात आला, शिकारी लोकांनी उचलून धरला. पावणेचार इंचांचं पातं, मुठीला पितळी टोकं, वजन साधारण २०० ग्रॅम. मुठीच्या पाठीवरचा खटका दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. नंतर त्या धर्तीचे चाकू बऱ्याच कंपन्यांनी काढले, तुमच्या दुकानातलाही त्यातलाच कुठला तरी असेल. पण पुठ्ठ्यात हे जाड पातं पाचरीसारखं अडकतं. शिवाय पुठ्ठा दिसतो मऊ, पण रद्दीपासून केलेल्या कागदात बारीक कच असते, ती धार खाते. कटरचं पातं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड. ते सरळ जातं, आणि एक टोक बोथट झालं की उलटं करून दुसरं वापरता येतं.

आता हिशोब करू. आकडे मी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. कामगाराची रोजची मजुरी ५०० रुपये, ८ तास, म्हणजे मिनिटाला साधारण १ रुपया. जाड चाकूला रोज १० मिनिटं धार लावायची तर २६ दिवसांचे २६० रुपये. कटरचं पातं १५ रुपयांना, एक टोक एक दिवस चाललं तर महिन्याला १३ पाती, १९५ रुपये. टोक बदलायला रोज २ मिनिटं, त्याचे ५२. एकूण २४७.

फरक किती? १३ रुपये! म्हणजे पैशावर हा निर्णय होतच नाही. होतो तो एका साध्या प्रश्नावर: ती १० मिनिटं रोज कोण काढणार? ऑर्डर अंगावर आली की धार लावणं सगळ्यात आधी मागे पडतं. मग माणूस बोथट चाकूवर जोर देतो, आणि जोर दिलेला चाकू सटकला की हातावरच येतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. सुरुवातीला मी स्वतः माल पॅक करून पाठवायचो. आमच्या चाकूला मुठीच्या आतली पट्टी सरकून पातं अडवायची, तसला खटका होता. त्यात पुठ्ठ्याचा भुसा साचत गेला, कुणी बघितलंच नाही. एके दिवशी हाताखालच्या पोराने पट्टी तोडायला टोक खुपसलं, खटका सुटला आणि पातं त्याच्या बोटावर मिटलं. ४ टाके पडले. चाकू चांगला होता, माझं लक्ष नव्हतं.

म्हणून घेताना पात्याआधी खटका बघा. चाकू पूर्ण उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळू दाबा. जरा जरी मिटायला लागला तर परत द्या. पातं डाव्या-उजव्या बाजूला हलत असेल तर स्क्रू आवळून बघा. स्क्रूऐवजी रिव्हेट असेल तर ते घरी आवळता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग जाड पात्याचा चाकू वाया का? अजिबात नाही. गोणपाट, ओली सुतळी, जाड दोर, ताडपत्री यांना तोच बरा. कटरचं पातळ पातं तिथे पिळलं तर तुकडा उडतो. ताई, तुमच्याकडे जास्त काम खोक्यांचं आहे, तेव्हा टेबलावर दोन कटर ठेवा. जाड चाकू घ्यायचाच असेल तर एकच घ्या, आणि तो ज्याला धार लावायची आवड आहे त्याच्याच हातात द्या. असा एक जण प्रत्येक युनिटमध्ये सापडतो!

कायद्याचंही विचारतात लोक. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीची, कारखान्याची अवजारं वगळलेली आहेत. हे दोन्ही चाकू त्या मापाच्या आतलेच. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की चाकू-सुरे घेऊन फिरता येत नाही. त्यामुळे कामगाराने चाकू खिशात घालून घरी नेऊ नये, संध्याकाळी मोजून कपाटात ठेवायचा.

आणि जुनी पाती कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाडा, त्यातून आत टाका, भरला की झाकणाला चिकटपट्टी लावून भंगारवाल्याला सांगून द्या. कचरा वेचणाऱ्या मावशी पिशव्या उघड्या हाताने चाचपतात.