लॅपटॉपची रॅम वाढवताना : योग्य मॉड्यूल कसं निवडावं?



'लॅपटॉप फार हँग होतो हो, नवीनच घ्यावा लागेल बहुतेक' हे वाक्य आपण पालकांकडून आणि शिक्षकांच्या खोलीतही नेहमी ऐकतो. यूडायस प्लसची माहिती भरताना ब्राउझर अडकतो, नाहीतर मुलगी ऑनलाइन तासाला बसलेली असताना आवाज तुटायला लागतो. मग कोणीतरी सांगतं, 'रॅम टाका, पळायला लागेल.' सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो. पण कोणतीही रॅम कोणत्याही लॅपटॉपला चालत नाही. चुकीची पट्टी आणली तर पैसे वाया जातात, आणि दुखणं रॅमचं नसेल तर बरोबर पट्टी आणूनही उपयोग होत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी काय बघायचं, ते आज क्रमाने पाहू.

१. रॅम म्हणजे नेमकं काय?

वह्या तपासायला बसलेल्या शिक्षकाचं टेबल डोळ्यासमोर आणा. शेजारच्या कपाटात सगळ्या वर्गाच्या वह्या आहेत, पण टेबलावर मावतील तेवढ्याच एका वेळी काढता येतात. कपाट म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी आणि टेबल म्हणजे रॅम. टेबल लहान असेल तर दर दोन मिनिटांनी उठून वह्या ठेवा-काढा करावी लागते. लॅपटॉपही तेच करतो. रॅम भरली की तो काही माहिती तात्पुरती डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्क रॅमपेक्षा खूपच संथ असते, म्हणून लॅपटॉप अडखळतो.

२. दुखणं रॅमचंच आहे ना?

रोजची कामं उघडी ठेवा : ब्राउझरच्या पाच-सहा टॅब, एक वर्ड फाइल, एक पीडीएफ. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' या भागात मेमरी आणि डिस्क हे दोन्ही आकडे बघा.

- मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडते आहे.
- मेमरी ५०-६० टक्केच असून डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवा. इथे रॅम वाढवून फारसा फरक पडणार नाही.
- दोन्ही आकडे वर असतील, तर टेबलही लहान आहे आणि कपाटही लांब आहे. दोन्हीचा विचार करावा लागेल.

आणखी एक गोष्ट. शाळेतल्या जुन्या मशीनवर ३२-बिट विंडोज असू शकते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि मग 'अबाउट' इथे ते कळतं. ३२-बिट घरगुती विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही, आणि त्या ४ पैकीही साधारण ३ ते ३.५ जीबीच हाती लागते. तिथे ८ जीबी टाकायची तर आधी ६४-बिट विंडोज बसवावी लागते.

३. लॅपटॉपमध्ये जागा आहे का?

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की खाली 'स्लॉट्स यूज्ड' असं दिसतं. 'वन ऑफ टू' म्हणजे दोनपैकी एक खाच रिकामी आहे. 'टू ऑफ टू' असेल तर जुनी पट्टी काढून मोठी बसवावी लागेल.

पण या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिप्स मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या असतात. मॅकबुक एअरमध्ये तर कोणत्याच मॉडेलची रॅम नंतर वाढवता येत नाही. काही लॅपटॉपमध्ये ४ जीबी बोर्डावर पक्की आणि शिवाय एक मोकळी खाच अशी रचना असते. म्हणून लॅपटॉपच्या तळाचं लेबल वाचून पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची माहितीपुस्तिका बघा. जास्तीत जास्त किती रॅम चालते हेही तिथेच कळतं.

४. कोणती पट्टी जुळेल?

चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

*आकार :* लॅपटॉपच्या पट्टीला सो-डिम म्हणतात. ती साधारण ७ सेंटीमीटर लांब असते. डेस्कटॉपची पट्टी जवळपास दुप्पट, म्हणजे १३ सेंटीमीटरच्या आसपास असते. ती लॅपटॉपमध्ये बसत नाही.

*पिढी :* इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. सो-डिमच्या तीन पिढ्यांमधला फरक असा :

- डीडीआर३ : २०४ पिना, १.५ व्होल्ट (डीडीआर३एल असेल तर १.३५ व्होल्ट)
- डीडीआर४ : २६० पिना, १.२ व्होल्ट
- डीडीआर५ : २६२ पिना, १.१ व्होल्ट

पट्टीच्या कडेला असलेली खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती तशी ठेवलेली असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, पिढी चुकली आहे असं समजा. डीडीआर३ आणि डीडीआर३एल मात्र दिसायला सारख्याच असतात. १.३५ व्होल्टचीच रॅम लागणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ बसेल, पण लॅपटॉप सुरू होईलच असं नाही. उलट डीडीआर३एल ही १.५ व्होल्टवरही चालते. त्यामुळे त्या काळातल्या लॅपटॉपसाठी 'एल'वालीच मागा.

*वेग :* २४००, २६६६, ३२०० असे आकडे असतात. एकाच पिढीतली जास्त वेगाची पट्टी सहसा चालते, पण प्रोसेसर आणि दुसरी पट्टी यांत जो वेग सर्वांत कमी असेल, त्याच वेगाने सगळं चालतं. बैलगाडीला एक बैल तरणा आणि एक म्हातारा जुंपला, तर गाडी म्हाताऱ्याच्याच चालीने जाणार!

*क्षमता :* प्रोसेसर आणि मॉडेल यांच्या मर्यादेत बसेल तेवढीच घ्या.

५. एक उदाहरण

समजा, घरी इंटेल कोअर आय५-८२५०यू प्रोसेसरचा लॅपटॉप आहे, त्यात ४ जीबीची एक पट्टी आहे आणि एक खाच रिकामी आहे. हा प्रोसेसर डीडीआर४ला २४०० वेगापर्यंत चालवतो आणि त्याची कमाल मर्यादा ३२ जीबी आहे. इथे तशीच ४ जीबीची दुसरी पट्टी घातली तर ८ जीबी होते, आणि दोन्ही पट्ट्या जोडीने काम करत असल्यामुळे वेगही थोडा सुधारतो. ८ जीबीची घातली तर एकूण १२ जीबी मिळते. हेही चालतं, फक्त सगळी रॅम जोडीने चालत नाही. दुकानात २४००ची मिळाली नाही आणि ३२००ची मिळाली तरी हरकत नाही, ती २४००ने चालेल. शाळेच्या आणि अभ्यासाच्या रोजच्या कामांना ८ जीबी पुरते. व्हिडिओ एडिटिंगसारखं काम असेल तर पुढे जा.

हा प्रोसेसर विंडोज ११च्या मान्य यादीत आहे. हे बघणं महत्त्वाचं, कारण विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपवर पैसे घालण्याआधी हा प्रश्न स्वतःला नक्की विचारा. खर्च केल्यावर हे यंत्र आणखी किती वर्षं सुरक्षित वापरता येणार आहे?

६. पट्टी बसवताना

वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. लॅपटॉप शाळेचा असेल तर मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय उघडू नका, आणि नवीन पट्टीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला करा.

- लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. बॅटरी निघत असेल तर काढा, आतली असेल तर तिची वायर सोडवा. मग पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा.
- अंगातली स्थिर वीज चिपला मारक ठरते. काम सुरू करण्याआधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा. गालिचावर बसून किंवा पॉलिस्टरचे कपडे घालून हे काम नको.
- पट्टी कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका. खाच जुळवून साधारण ३० अंशांच्या कोनात आत सरकवा आणि हळूच खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक' करून बसल्या पाहिजेत.
- पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही वेळ काळा राहू शकतो. घाबरू नका. तरीही सुरू झाला नाही, तर बंद करून पट्टी काढून पुन्हा नीट बसवा.

सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकूण रॅम बघा. नंतर 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' ही विंडोजसोबतच येणारी चाचणी चालवा. दोष निघाला तर बदली मुदतीतच कळतो. बिल मात्र जपून ठेवा.

वर्गासाठी एक उपक्रम

पट्टीच्या लेबलवर काही वेळा 'पीसी४-२५६००' असा आकडा असतो. सातवी-आठवीच्या मुलांना विचारा, तो कुठून आला? रॅम एका वेळी ६४ बिट पाठवते. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून एका वेळी ८ बाइट. वेग ३२०० असेल तर ३२०० × ८ = २५६००, म्हणजे सेकंदाला २५६०० मेगाबाइट. आता २४००च्या पट्टीवर काय लिहिलेलं असेल, ते मुलांनाच काढू द्या. उत्तर येतं १९२००. हे गणित ज्या मुलाला जमलं, तो दुकानात पट्टी हातात घेऊन स्वतः ओळखेल की ती आपल्या लॅपटॉपची आहे की नाही.