फुटणारी लाट आणि फळीवर उभा माणूस

विदर्भातल्या झरी जामणी तालुक्यात मुकुटबनच्या आसपास जो चुनखडक निघतो, ज्याच्या जोरावर तिथे सिमेंट तयार होते, तो एके काळी समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे. भूवैज्ञानिक या खडकांना पैनगंगा गट म्हणतात. ते साचले तेव्हा पृथ्वीवर मासे नव्हते, झाडे नव्हती, लाट बघायला डोळाही नव्हता. तेव्हा या तालुक्याला समुद्र अगदीच परका नाही, फक्त तो निघून गेल्याला फार काळ लोटला. आज अरबी समुद्र इथून सरळ रेषेतही सहाशे किलोमीटरहून लांब आहे, आणि पैनगंगेचे पाणी तर वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागराला मिळते.

तरीही दिवाळीच्या सुट्टीत विदर्भातून तारकर्ली, देवबाग, गोवा अशा सहली निघतात. तिथे हल्ली एक लांबरुंद फळी भाड्याने मिळते. तिच्यावर उभे राहायचे आणि उंच दांड्याच्या एकाच वल्ह्याने, कधी डावीकडून कधी उजवीकडून, पाणी मागे सारत जायचे. याला स्टँड-अप पॅडलबोर्ड म्हणतात. हवाईत वाइकिकीच्या किनाऱ्यावर लोकांना लाटांवर खेळायला शिकवणारे काही जण गेल्या शतकाच्या मध्यात असे उभ्याने वल्हवत. पुढे लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या हवाईच्याच दोघा लाटवीरांमुळे २००० नंतर हा खेळ जगभर पसरला. २०१२ साली पेरूमध्ये त्याची आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेने भरवलेली पहिली जागतिक स्पर्धा झाली. आपल्या शेजारी कर्नाटकात, मंगळूरजवळ ससिहित्लूच्या किनाऱ्यावर, मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती.

देवबागजवळ कर्ली नदीच्या खाडीत, संथ पाण्यावर, हा प्रकार तासाभरात जमतो. त्याच फळीवरून खुल्या किनाऱ्यावर, फुटणाऱ्या लाटा ओलांडून पलीकडच्या शांत पाण्यात जायचे म्हटले की भलेभले दमतात. दंडात ताकद असलेला पोरगा चार वेळा आपटून परत येतो आणि किरकोळ अंगाचा एखादा स्थानिक केस न भिजवता पलीकडे पोचतो. हा फरक ताकदीचा नाही. खोली आणि वेळ या दोन गोष्टी वाचता येतात की नाही, एवढ्यावर सगळे ठरते.

खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी फारसे जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण जागच्या जागी गोल फिरतो. ही वर्तुळे खाली खाली लहान होत जातात आणि तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर जवळजवळ संपतात. दर १० सेकंदांनी येणारी लाट घेतली, तर खोल पाण्यात तिची लांबी सुमारे १५६ मीटर असते आणि वेग ताशी ५६ किलोमीटर. म्हणजे ७८ मीटर खोलीपासूनच तिला तळाची जाणीव होऊ लागते. पाणी उथळ होत जाते तशी ती मंदावते. मागची ऊर्जा मात्र येतच राहते, म्हणून लाट आखडते आणि उंचावते. शेवटी एक जागा अशी येते की लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे ०.७८ पट होते. तिथे माथ्याचा वेग पायथ्याच्या वेगापेक्षा जास्त होतो आणि लाट पुढे कोसळते. किनाऱ्याच्या उतारानुसार हे गुणोत्तर कमीजास्त होते, पण अंदाज बांधायला ०.७८ पुरेसे आहे. एक मीटर उंचीची लाट साधारण १.३ मीटर पाण्यात फुटते, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या पाण्यात. लाट कुठे फुटते ते वाळूवर उभे राहून पाहिले, तर पाण्याखालचा तळ न बघता कळतो. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

आता जरा हिशेब करू. फुटण्याच्या जागी एक मीटर उंच असलेल्या या लाटेचा वेग ताशी साडेबारा किलोमीटर उरलेला असतो, आणि तिच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे सुमारे साडेचार किलोवॅट इतक्या दराने ऊर्जा किनाऱ्याकडे येत असते. फळी साधारण ८० सेंटिमीटर रुंद आणि ३.२ मीटर लांब असते. नाळ, म्हणजे फळीचे पुढचे टोक, लाटेला सरळ ठेवली, तर फळीच्या वाट्याला साडेतीन किलोवॅट येतात, म्हणजे विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीएवढा रेटा. तीच फळी आडवी झाली, तर हा आकडा चौदा किलोवॅटच्या वर जातो. सगळीच ऊर्जा फळीला लागत नाही हे खरे, बरीचशी खालून आणि वरून निघून जाते. पण प्रमाण तेच राहते, आडव्या फळीला चौपट मार. शिवाय ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीड मीटरची लाट एक मीटरच्या लाटेपेक्षा 'थोडी मोठी' दिसते, प्रत्येक चौरस मीटरमागे तिच्यात ऊर्जा मात्र सव्वादोन पट असते.

लहान सर्फबोर्डवर पालथे झोपून जाणाऱ्याला एक सोय असते. लाट आली की फळीचे नाक दाबून तो लाटेखालून निघतो, कारण खळबळ वर जास्त आणि खाली कमी. उभ्याच्या फळीला ही सोय नाही. तिचे आकारमानच दीडशे लिटर किंवा त्याहून जास्त. ती पाण्याखाली दाबायची तर तिच्या स्वतःच्या वजनाव्यतिरिक्त दीडशे किलोच्या जवळपास भार हवा. तेव्हा वाट वरूनच, आणि तीही उभ्याने.

उभे राहणे हीच खरी मेख आहे. होडी उलटेल की सावरेल हे तिची पाण्यावरची रुंदी आणि भाराची उंची यांवर ठरते. वर दिलेल्या मापांची फळी आणि सत्तर किलोचा माणूस धरून गणित मांडले, तर भाराचा गुरुत्वमध्य फळीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत असेल तोवर ती आपणहून सावरते. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असतो! म्हणजे संथ पाण्यातही तो काठावरच असतो, आणि बाकीचे काम घोटे, गुडघे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा करते. गुडघ्यांवर बसले की गुरुत्वमध्य खाली येतो आणि फळी एकदम शहाण्यासारखी वागू लागते. नवख्याने पहिल्या लाटा गुडघ्यांवर बसून ओलांडाव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

उभ्यानेच जायचे असेल तर पाय एकामागे एक ठेवतात. फेस फळीच्या नाकाला भिडायच्या क्षणी भार मागच्या पायावर जातो, नाक वर उचलले जाते आणि फळी फेसावर चढते. लगेच भार पुढे आणायचा, नाहीतर लाट माणसाला मागे टाकून निघून जाते. याच वेळी वल्हे लाटेच्या माथ्यापलीकडे खुपसून ओढले, तर ते दोन कामे करते, पुढे खेचते आणि तिसऱ्या पायासारखा आधार देते. वल्हे पांढऱ्या फेसात मारले तर फुकट जाते. फेसात हवा मिसळलेली असते, घनता कमी असते, पात्याला पकड मिळत नाही. म्हणून पलीकडचे निळे, भरीव पाणी गाठायचे.

आणि थांबायचे नाही. सर्वसाधारण माणूस सेकंदाला दीड मीटरच्या आसपास वल्हवतो. पन्नास मीटरला एक मीटर उतरणाऱ्या किनाऱ्यावर लाटा फुटण्याचा पट्टा सुमारे ६५ मीटर रुंद असतो. वाटेत काहीच आडवे आले नाही तरी तो ओलांडायला ४३ सेकंद लागतात. तेवढ्यात सात-आठ लाटा समोरून येतात आणि प्रत्येक लाट मिळवलेले अंतर थोडे काढून घेते. ताकदीवर भरवसा ठेवणारा इथेच हरतो.

सुटका वेळेत आहे. समुद्रावरच्या लाटा एका मापाच्या कधीच नसतात. जवळजवळ सारख्या आवर्तनाचे तरंग एकमेकांत मिसळतात, त्यामुळे काही मोठ्या लाटांचा जथा येतो आणि मग थोडा वेळ समुद्र निवतो. किनाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटे नुसते बसून पाहिले, तर ही उघडीप ओळखू येते. ती सुरू होताच निघायचे. पाण्यात धावत उतरणाऱ्यांना ही पंधरा मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात. माझ्या मते सगळी विद्या त्या पंधरा मिनिटांतच आहे.

सिंधुदुर्गातले रापणकर ही विद्या फळी येण्याच्या कितीतरी आधीपासून वापरत आले आहेत. रापणीत जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवतात, होडी जाळे सोडत समुद्रात मोठा वळसा घेते आणि दुसरे टोक किनाऱ्यावर आणते. मग दोन्हीकडून माणसे ओढतात. त्यासाठी भरलेली होडी फुटत्या लाटांतून बाहेर काढावी लागते. ते नाळ समुद्राकडे धरून उथळ पाण्यात उभे राहतात, जथा जाऊ देतात, आणि मग ढकलून वर चढून वल्ही मारतात. अरुंद होडीला बाजूने उलांडी, म्हणजे तरंगता लाकडी ओंडका, बांधलेली असते. पाण्यावरची रुंदी वाढवून तोल सावरण्याचा हा उपाय पॅसिफिकच्या बेटांवरही वापरतात, आणि त्यामागचे गणित वर मांडले तेच आहे.

वाट निवडणे हा आणखी एक भाग. फुटलेल्या लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेले पाणी परत जायला रस्ता शोधते. वाळूच्या बुडालेल्या दांड्यात जिथे खिंड असते, तिथून ते वेगाने बाहेर पडते. तिथे पाणी खोल, म्हणून लाटा कमी फुटतात आणि वरून ती जागा शांत, गडद दिसते. पोहणाऱ्याला हीच जागा सर्वांत धोक्याची. गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक लाल निशाणे लावतात त्यातली बरीच अशा जागांसाठी असतात. जाणकार फळीवाला मात्र त्याच प्रवाहावरून बाहेर जातो. सहलीला आलेल्याने हा प्रयोग करू नये. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर जा. ही खिंड सहसा पाच-पन्नास मीटर एवढीच रुंद असते.

फळी आणि घोटा जोडणारी दोरी समुद्रात हवीच, कारण सुटलेली फळी लाटेबरोबर मागच्या माणसाच्या तोंडावर जाते. वाहत्या नदीत मात्र हीच घोट्याची दोरी झुडपात किंवा खडकात अडकून माणसाला पाण्याखाली धरून ठेवू शकते. तिथे कमरेला बांधायची, एका हिसक्यात सुटणारी दोरी लागते. जीवरक्षक जाकीट दोन्हीकडे लागते.

कोकणात यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ उत्तम. दुपारी खारा वारा सुटतो आणि पाणी खवळते. या महिन्यांतही समुद्र नेहमी सारखा नसतो. अरबस्तानाकडून वाहणाऱ्या 'शमाल' वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात हे गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा तर आठवडाभर प्रवास करून, इथे वारा नसतानाही, येऊन थडकतात. जून ते सप्टेंबर हा काळ या खेळाचा नाही. जून-जुलैत तर महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते.

लाटांचा अंदाज हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था रोज देते. त्यात नुसती उंची पाहून निघू नका, आवर्तनकाळ, म्हणजे दोन लाटांमधला वेळही पाहा. एक मीटर आणि सहा सेकंद असे लिहिले असेल तो दिवस आणि एक मीटर आणि चौदा सेकंद असे लिहिले असेल तो दिवस, हे दोन वेगळे समुद्र असतात. चौदा सेकंदांच्या दिवशी खाडीतच वल्हवा.