आधी सफाई, मग शिवण

पहाटे ५.१५
आयसीयूला फोन. रक्तदाब किती, ताप किती, क्रिएटिनिन किती आणि रात्री पोट-कंबर दुखली का, एवढंच विचारते. सिस्टर म्हणतात, दुखलं नाही. म्हणजे महाधमनीचा फुगा रात्रभर शाबूत राहिला. देगलूरकडचे ६२ वर्षांचे शेतकरी काका तिथे आठवडाभर सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकवर आहेत. आज त्यांच्या पोटातल्या महाधमनीचं ऑपरेशन. दुसरा फोन ओटी इन्चार्जना. होमोग्राफ्टचा, म्हणजे दात्याच्या धमनीचा, द्रव नायट्रोजनचा डबा काल रात्रीच परगावच्या बँकेतून पोचलाय, वाटेतल्या तापमानाच्या नोंदीत कुठे खंड नाही. मग चहाचं आधण ठेवते.

६.१५
घरून निघाले की दोन मिनिटांत नल्लकुंट्याचं फीव्हर हॉस्पिटल लागतं. फाटकावरच्या पाटीवर सर रोनाल्ड रॉस यांचं नाव आहे. १८९७ साली इथेच, हैदराबादच्या बेगमपेटेत, त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. इथली जुनी माणसं मात्र ‘कोरंटी दवाखाना’च म्हणतात. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे ओपीडी उघडायच्या आधीच रांग लागलेली. ताप, जुलाब, अंगावर पांघरूण घेतलेली माणसं.

या रांगेचा माझ्या कामाशी संबंध आहे. टायफॉईडचा जंतू ज्या साल्मोनेला कुळातला, त्याच कुळातले जंतू दूषित पाण्यातून, अर्धवट शिजलेल्या अंड्या-मटणातून पोटात जातात आणि कधी आतड्यातून रक्तात उतरतात. निरोगी धमनीच्या गुळगुळीत अस्तरावर त्यांना सहसा थारा मिळत नाही. पन्नाशी उलटल्यावर, तंबाखू, बीपी, मधुमेह यांनी महाधमनी आतून खडबडीत झाली असेल तर मात्र ते तिथे घर करतात. भिंत कुजते, एका बाजूने फुगते आणि पाहता पाहता वाढते. साध्या फुग्याला, म्हणजे अॅन्युरिझमला, वाढायला वर्षं लागतात, याला आठवडे पुरतात. स्टॅफिलोकॉकस हा याच दुखण्याचा दुसरा नेहमीचा गुन्हेगार.

७.००
आयसीयू. काकांची कहाणी नेहमीचीच. महिन्यापूर्वी ताप आला, गावात सलाईन लागलं, पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या, ताप उतरला, गोळ्या बंद. पंधरा दिवसांनी ताप परत आला, या वेळी कंबरदुखी घेऊन. नांदेडला सोनोग्राफी झाली आणि तिथून थेट हैदराबाद. नांदेड, बिदर, आदिलाबाद या पट्ट्यातल्या माणसांना मोठ्या दुखण्यात हे शहर जवळचं.

दोन सीटी शेजारी शेजारी लावून काकांच्या मुलाला दाखवते. आठ दिवसांचं अंतर. पहिल्यात महाधमनीच्या डाव्या अंगाला सुपारीएवढा उंचवटा, भोवतीची चरबी गढुळलेली. दुसऱ्यात तोच दुपटीने मोठा आणि वेडावाकडा.

“मॅडम, मांडीतून जाळी टाकतेत म्हणं. पोट फाडायचं काय काम?”

प्रश्न रास्त आहे. स्टेंट-ग्राफ्टने फुगा आतून झाकता येतो. फुटायला आलेला रुग्ण वाचवायला किंवा मोठं ऑपरेशन न झेपणाऱ्या माणसासाठी आम्ही तेही करतो. पण तेव्हा पू जागेवरच राहतो आणि त्याच्या मधोमध आपण परकं कापड ठेवून येतो. काकांचं हृदय आणि फुप्फुसं धड आहेत, त्यांना सफाई झेपेल. धोकाही सांगते: मूत्रपिंडं, पाय, आतडी, जीव. सगळं ऐकून मुलगा सही करतो.

७.४५
ओटीबाहेर पाच मिनिटांची बैठक. सडलेला भाग काढला की तिथे काय बसवायचं? रिफॅम्पिसिनमध्ये भिजवलेलं डेक्रॉन पटकन मिळतं, पण ते शेवटी कापडच. गायीच्या हृदयावरणाची नळी टेबलावरच शिवून करता येते. मांडीतली खोल शीर उत्तम चालते, पण ती काढण्यात तास-दोन तास जातात. काखेतून दोन्ही मांड्यांपर्यंत कातडीखालून बायपास नेला तर पुवाची जागा टळते, पण महाधमनीचं शिवलेलं टोक पुढे कधी सुटेल याचा भरवसा नसतो. आज आमच्याकडे मृत दात्याची महाधमनी आहे. मानवी ऊतीत जंतू कापडाइतक्या सहजी मुक्काम करत नाहीत, म्हणून ती आणवली.

ही कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये शार्ल द्युबॉस्त यांनी मार्च १९५१ मध्ये पोटातल्या महाधमनीचा फुगा कापून तिथे मृत व्यक्तीची धमनी शिवली. पुढे कृत्रिम कापडाच्या नळ्या आल्या. दानातल्या धमन्या काही वर्षांनी कडक होतात, पसरतात, म्हणून त्या मागे पडल्या. संसर्गात कापड टिकेना, तेव्हा ऐंशीच्या दशकाअखेरीस पॅरिसमधल्याच सर्जननी त्या पुन्हा हाती घेतल्या. आपल्याकडे होमोग्राफ्ट मुख्यतः जन्मजात हृदयविकाराच्या मुलांसाठी जातात. दिल्लीच्या एम्समध्ये नव्वदच्या दशकापासून त्यांची बँक आहे. आमच्यासारख्यांच्या वाट्याला क्वचित एखादी येते.

८.५०
भूल देऊन झाली. मानेत आणि मनगटात नळ्या, रक्ताच्या पिशव्या तयार. छातीच्या हाडापासून ओटीपोटापर्यंत छेद. आतडी उजवीकडे सारून ओल्या टॉवेलात गुंडाळली. फुग्याला आत्ता हात लावायचा नाही. आधी वर, मूत्रपिंडाच्या धमन्यांच्याही वर, महाधमनीभोवती फीत. मग खाली, दोन्ही पायांकडे जाणाऱ्या फाट्यांभोवती. सूज इतकी की सगळं एकमेकांना चिकटलंय. दीड तास यातच जातो.

१०.३०
दोन्ही टोकं ताब्यात आली. आता होमोग्राफ्ट वितळवायला सांगते, त्याआधी नाही, कारण वितळलेला परत गोठवता येत नाही.

हे काम सिस्टर आणि ज्युनियर बाजूच्या टेबलावर करतात. डब्यातून वाफ काढत पिशवी बाहेर येते. लेबलवर नाव नाही, फक्त दात्याचा क्रमांक, रक्तगट, व्यास, लांबी, तपासण्यांचे निकाल. सिस्टर मोठ्याने वाचतात, ज्युनियर कागदाशी ताडून पाहतो. गोठलेली पिशवी वाकवायची नाही, धमनीला भेगा पडतात. कोमट सलाईनमध्ये काही मिनिटांत आतला बर्फ विरघळतो आणि फिक्या सायीच्या रंगाची, बोटाएवढी जाड नळी हाताला मऊ लागते. गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून घातलेलं डीएमएसओ एकामागून एक द्रावणं बदलून धुवायचं. मग नळीच्या अंगावरचे बारीक फाटे एकेक टाक्याने बांधायचे. एक टोक दाबून धरून सिरिंजने सलाईन भरलं की कुठे थेंब झिरपतो ते दिसतं. आज दोन जागी झिरपला, तिथे टाके पडले. इथे सुटलेला फाटा नंतर पोटात रक्त ओकतो.

११.१५
रक्त गोठू नये म्हणून हिपॅरिन. तीन मिनिटं थांबून वर क्लॅम्प. घड्याळाकडे बघणारा माणूस वेगळा नेमलाय, कारण मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा बंद आहे. फुगा उघडला: जुनी गुठळी, तिच्यामागे पिवळट राड. भिंत भिजलेल्या कागदासारखी, चिमट्यात धरली की सुटून येते. तुकडे दोन डब्यांत, एक मायक्रोबायोलॉजीला, एक पॅथॉलॉजीला. मग कापत वर जायचं, सुई धरेल अशी टणक भिंत लागेपर्यंत. हात आखडता घ्यायचा मोह इथेच होतो, कारण आणखी एक सेंटिमीटर वर गेलं की शिवण अवघड होते. पण मागे ठेवलेला तो सेंटिमीटर दोन आठवड्यांनी टाके सोडवतो.

मणक्यासमोरची जागा खरवडून, धुऊन, पुन्हा धुऊन झाली. सगळ्यांनी ग्लोव्ह्ज बदलले, अवजारांचा ट्रे बदलला. आता होमोग्राफ्ट आत येतो. वरची शिवण प्रोलीनच्या सलग धाग्याने, आधी मागची बाजू. ती पुरी होताच क्लॅम्प खाली, नळीवर घेतला. मूत्रपिंडं २६ मिनिटांनी मोकळी. मग खालची शिवण.

दुपारी १२.५०
“सोडतेय,” म्हणून भूलतज्ज्ञांना सांगते आणि क्लॅम्प हळूहळू उघडते. रक्तदाब घसरतो, सावरतो. नळी ठोके देऊ लागते. दोन्ही पावलांत नाडी. ओमेंटम, म्हणजे पोटातली रक्ताने समृद्ध चरबीची झालर, ओढून नळीभोवती लपेटते. पोट बंद.

२.४५
मुलगा बाहेर उभाच आहे. “कुणाची व्हती ती?” ते मलाही माहीत नसतं. सांगते, की मेंदूमृत माणसाच्या घरच्यांनी होकार दिला म्हणून हे मिळालं. तेलंगणात ‘जीवनदान’ योजनेमुळे मूत्रपिंड, यकृत, हृदय द्यायचं लोकांना ठाऊक आहे. हृदय प्रत्यारोपणाला चाललं नाही तरी त्याच्या झडपा आणि महाधमनी देता येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात ऊतींचा समावेश २०११ च्या दुरुस्तीने झाला. घरच्यांपुढे बसून विचारणारं माणूस मात्र प्रत्येक रुग्णालयात असतंच असं नाही.

“किती दिवस टिकंल?” वर्षानुवर्षं टिकू शकते, पण दरवर्षी सीटी हवा. ती पसरू किंवा कडक होऊ शकते. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून देतात ती औषधं याला सहसा लागत नाहीत.

४.१५
मायक्रोबायोलॉजीचा फोन: स्लाईडवर ग्राम-निगेटिव्ह दंडाकार जंतू. रक्ताच्या कल्चरमधल्या साल्मोनेलाशी जुळतंय. सेफ्ट्रिअॅक्सोन तेच चालू.

७.००
आयसीयू. लघवी तासाला ५० मिली, पावलं उबदार, ड्रेनमध्ये थोडंच रक्त. फाइलमध्ये लिहिते: शिरेतून अँटिबायोटिक सहा आठवडे, त्यानंतर काही महिने गोळ्या. ताप उतरला म्हणून कोणीही बंद करायचं नाही. शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढते आणि तेच मुलाला पुन्हा तोंडी सांगते. नांदेडच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठीही तयार ठेवते, कारण पुढची राखण त्यांच्याच हाती आहे.

९.३०
घरी जेवण. आयसीयूचा मेसेज: पोटॅशियम कमी, भरपाई सुरू केली. उद्याची यादी बघून ठेवते. पहिली केस मधुमेही पायाची, बोटांच्या मधे पू. तिथेही आधी सगळं काळं पडलेलं काढायचं, मग रक्तपुरवठ्याचं बघायचं. साडेसातला ओटीत.