मुंबई, कार्ले पाहिलेल्या लेखिकेचं तैलचित्र

मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका 1809 मध्ये वडिलांबरोबर मुंबईत उतरली. घारापुरी आणि कार्ल्याची लेणी हिंडली, स्वतः चित्रं काढली आणि 1812 मध्ये ‘जर्नल ऑफ अ रेसिडेन्स इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं.

पुढे 1819 मध्ये रोममध्ये इंग्रज चित्रकार सर थॉमस लॉरेन्स यांनी तिला तैलरंगात उतरवलं. लॉरेन्स तिथे आले होते पोप सातवे पायस यांचं चित्र करायला! पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवर आबासाहेब महाराज होते. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तो काळ अजून खूप लांब होता.

चित्रात डोक्याभोवती फेट्यासारखं गुंडाळलेलं वस्त्र दिसतं. पण नजर खिळते ती चेहऱ्यावरच. राजेरजवाडे रंगवणाऱ्या या चित्रकाराने इथे सगळा जीव त्या चेहऱ्यात ओतला आहे. माझ्या मते त्याच्या उत्तम कामांपैकी हे एक.

मूळ चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेतून वही घेऊन रंकाळ्यावर स्केचिंगला जाणाऱ्या पोरापोरींनो, व्यक्तिचित्राचा सराव करताना हा चेहरा एकदा समोर ठेवाच.