तांब्याचें पाणी आणि काचपात्रांतील मासे

तांब्याच्या घागरींत रात्रभर ठेवलेलें पाणी आपल्या घरांतून आरोग्यकारक मानिलें जातें. ही समजूत निराधार नाहीं. बंगळूर येथील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तांब्याच्या भांड्यांत १६ तास ठेवलेल्या पाण्यांतील अतिसाराचे जंतु नाहींसे झाल्याचें आढळलें.

परंतु जें माणसास पथ्यकर तें सर्व जीवांस पथ्यकर, हें अनुमान किती घातक आहे, याचा प्रत्यय टिटवाळ्यास आमच्याच घरीं आला. नातवाच्या काचपात्रांत चार सोनेरी मासे होते. “नळाचें पाणी त्यांना सोसत नाहीं, आजोबा,” असें तो म्हणाला. तेव्हां मीं वडीलकीच्या अधिकारानें जुनें पाणी उपसून घागरींतलें पाणी भरविलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन मासे पाण्यावर तरंगत होते. मुलगा रडला, पण मला एका शब्दानें बोलला नाहीं.

त्याचें म्हणणें खरें होतें. टिटवाळ्याजवळ मोहिली येथें उल्हास नदीचें पाणी शुद्ध करितात. जंतुनाशासाठीं अशा पाण्यांत क्लोरीन घालतात. नळाच्या पाण्यांत लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें, असें भारतीय मानक सांगतें. आपलें त्यानें रक्षण होतें. माशांचे नाजूक कल्ले मात्र त्यानें भाजतात. सुदैवानें, रुंद तोंडाच्या भांड्यांत पाणी दिवसभर उघडें ठेविलें कीं क्लोरीन बहुतांशीं उडून जातें.

तांबें उडत नाहीं. उकळूनही जात नाहीं. अधिक झालेलें तांबें आपलें यकृत पित्तावाटे बाहेर टाकतें. माशाच्या कल्ल्यांना मात्र तें थेट भिडतें, आणि शरीरांतील क्षारांचा तोल ढळतो. पाणी जितकें मृदु, तितका अपाय अधिक. वरील प्रयोगांत लिटरमागें सुमारें ०.१८ मिलिग्रॅम तांबें उतरलें होतें. जवळजवळ एवढीच मात्रा समुद्री माशांच्या परोपजीवी रोगांवर औषध म्हणून, रोज मोजून, देतात. गोड्या मृदु पाण्यांत तीच प्राणघातक ठरूं शकते. शिंपल्या-गोगलगायींना तर त्याहून थोडेंही पुरतें.

सगळें पाणी एकदम बदलणें, हा माझा दुसरा प्रमाद. आतां काचेच्या बरणींत एक दिवस ठेवलेलें पाणी, तेंही चतुर्थांशच, नातू स्वतः बदलतो. उरलेले दोन मासे सुखरूप आहेत. घागर देवघराजवळच आहे. तिचें पाणी आम्हीं पितों. काचपात्राजवळ जातांना मात्र मी आधीं नातवास विचारतों.